तिसऱ्या रांगेतली शीळ

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी धुकं, मग ऊन. पाचची धून वेळेवर.

एकतीस वर्षं नगरपालिकेचे भोंगे सांभाळले. त्यामुळे आधी हवा आणि मग धून लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी. संध्याकाळी पाच वाजता गावातल्या बावीस खांबांवरून ती धून वाजते आणि पोरं खेळ सोडून घरी पळतात. तिची टेप रोज मीच लावायचो. ती धून आपल्या जपानची नसून युरोपातल्या कुणा माणसाच्या लांबलचक सिंफनीतून कापलेला तुकडा आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. माझी मुलगी मिसाओ तेव्हा शाळेच्या बँडमध्ये होती, तिनं सांगितलं. कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं होतं.

आता आमच्या नगर वाद्यवृंदानं तीच सिंफनी निवडली आहे. कार्यक्रम २३ नोव्हेंबरला दुपारी दोन वाजता. ती धून एकटीनं वाजवायची असते, इंग्लिश हॉर्नवर. हे वाद्य म्हणजे ओबोची, त्या सनईसारख्या वाद्याची, लांब अंगाची आणि घोगऱ्या आवाजाची थोरली बहीण. वाजवणार आमची मिसाओ.

तिनं हे सांगितलं ते मिसो सूपच्या वाडग्यात बघत. मी म्हणालो, "मग तोंड असं का?"

"बाबा, मे महिन्यासारखं पुन्हा झालं तर मी वाद्य पेटीत घालणार. कायमचं."

मे महिन्यात तिचा ओबोचा एकटीचा भाग चालू असताना सभागृहात कुठून तरी बारीक शीळ वाजू लागली. ती चुकली, मग थांबलीच. चारशे माणसांसमोर. मला शीळ ऐकू आली नाही, बारीक आवाज माझ्या कानांना कधीचे सोडून गेलेत. मला फक्त दिसलं की तिनं वाद्याची वेताची पत्ती ओठांतून काढली आणि ती पाहत राहिली.

सेहेचाळीस वर्षांची आहे. नवऱ्याकडून परत आली तेव्हा दोन बॅगा आणि ती पेटी एवढंच घेऊन आली. पेटीसुद्धा बंद झाली तर मग काय उरलं? झोप लागेल असं वाटत नाही. गॅसचं बटण दोनदा बघितलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
ढगाळ. धून वेळेवर.

शीळ कुठून आली ते मी शोधणार. हे काम गावात माझ्याइतकं कुणाला येतं? शाळा मी नववीत सोडली, पण शीळ मला कळते. माईक म्हणजे ऐकणारा, भोंगा म्हणजे बोलणारा. दोघं एकमेकांच्या तोंडासमोर आले की बोलणाऱ्याचं ऐकणारा ऐकतो, तेच पुन्हा बोलणाऱ्याला सांगतो, तो पुन्हा ओरडतो, असं वाढत वाढत किंकाळी होते. शाळेच्या खेळांच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या भाषणात किती वेळा धावत जाऊन माईक वळवलाय!

सभागृहाची यंत्रं आता ओगाताकडे आहेत. माझ्याच हाताखाली शिकला. त्याच्याकडे गेलो.

"तोकुसान, त्या दिवशी माईक बंद होते," तो म्हणाला.

"बंद म्हणजे किती बंद?"

"तार काढून गुंडाळून कपाटात, इतके बंद."

"मग छतातला भोंगा?"

"तोही. तोकुसान, चहा घेता का?"

चहा कसला! हा काहीतरी लपवतोय. माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता. शिकवताना मी त्याला फार ओरडायचो, त्याचाही राग असेल.

१९ ऑक्टोबर, रविवार
ऊन. पर्सिमनची केशरी फळं सोलून वाळायला दोऱ्यांना टांगली. धून वेळेवर.

आमच्या मांजरीला, मोनाकाला, काय झालंय कळत नाही. वर्तमानपत्र वाचताना मी हातावर डोकं टेकवलं की ती मांडीवरून कान पाडून उडी मारते आणि थेट अंगणात. म्हातारी झाली. मांजरांनाही चक्कर येते का, ते विचारायला हवं.

तोफू आणायला इसोबे काकूंच्या दुकानात गेलो. त्या हळू बोलतात म्हणून कानामागे हात धरून वाकलो, तर म्हणतात, "हा फ्रीज पुन्हा कोकलायला लागला!" दार उघडलं, बंद केलं, मागे जाऊन लाथ मारली. मी सांगितलं, फ्रीज घरघरतो, कोकलत नाही. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग फ्रीजबद्दल काही बोलल्याच नाहीत, नुसती माझ्या तब्येतीची चौकशी करत राहिल्या. मी बारीक झालोय म्हणे. झालोच आहे. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय.

२५ ऑक्टोबर, शनिवार
रात्रभर वारा होता. धून वेळेवर, पण वाऱ्यानं अर्धी नेली.

वाईट दिवस.

संध्याकाळी मिसाओ पत्ती तासत बसली होती. वेताची ती पत्ती ती केसाएवढी केसाएवढी खरवडते, फुंकते, पुन्हा खरवडते. मान वर न करता म्हणाली, "बाबा, या वेळी वर गॅलरीत मागे बसाल का?"

"का? माझी जागा तिसऱ्या रांगेत आहे. तुझी आई होती तेव्हापासून."

"वर आवाज छान मिसळून येतो."

"मला मिसळलेला नको. तुझा हवा."

"किंवा रेकॉर्डिंग ऐका ना घरी. शांतपणे."

ती उठून वाडगे धुवायला गेली. एकच वाडगा दोनदा धुतला, मी पाहिलं.

तिला माझी लाज वाटते. मे महिन्याच्या कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी मी वाद्यवृंद चालवणाऱ्या शिराइशी सेन्सेईंना, म्हणजे गुरुजींना, सांगितलं होतं, पाचची धून बावन्न सेकंदांची असते, तुम्ही कधी वाजवलीत तर तेवढ्यातच बसवा. सगळे हसले. सेन्सेईही हसले. मिसाओ हसली नव्हती. खांबावर चढणाऱ्याला सिंफनीतलं काय कळतं! पण बावन्न सेकंद हे खरंच आहे.

तिचं वाजवणं नीट ऐकू यावं म्हणून मी दोन्ही कानांमागे हात धरून बसतो. एक सूरसुद्धा सांडू देत नाही. आणि तिला मी गॅलरीत हवा.

३० ऑक्टोबर, गुरुवार
पाऊस. धून वेळेवर.

वाद्यवृंदाच्या समितीची बैठक होती. मी बोलावणं नसताना गेलो. मे महिन्याचा बसायच्या जागांचा नकाशा मी पेन्सिलीनं काढला होता. रेकॉर्डिंग ऐकून ओगातानं सांगितलं होतं की शीळ डावीकडून, पुढच्या रांगांतून आली. म्हणजे दुसरी ते चौथी रांग. एकेकाचं नाव घालून नेलं.

"या बत्तीस जणांपैकी कुणाच्या तरी जवळ काहीतरी होतं," मी म्हणालो. "मोबाइल, नाहीतर तसलंच काही. प्रत्येकाला विचारा."

समितीचे सेगावासान म्हणाले, "जाऊ द्या हो, होऊन गेलं."

"माझ्या मुलीचं होऊन गेलं नाही!"

सगळे टेबलाकडे बघायला लागले. इसोबे काकूही समितीत आहेत, आणि मे महिन्यात त्या माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होत्या. मला एकदम त्यांची ती चकचकीत पर्स आठवली. मी सरळ विचारलं, "इसोबे काकू, तुमच्या पर्समध्ये त्या दिवशी काय होतं?"

त्या लाल झाल्या. मग म्हणाल्या, "दोन रुमाल, खोकल्याच्या गोळ्या आणि माझ्या नवऱ्याचा फोटो. तिघंही शीळ घालत नाहीत, तोकुसान. नवरा जिवंतपणीसुद्धा घालत नव्हता."

कुणी हसलं नाही. मी म्हणालो की मोबाइलही असणारच. त्या म्हणाल्या, "बरं, असेल. माझाच होता असं लिहा. आणि विषय संपवा."

बघा! कबूल झाल्या. घरी येऊन मिसाओला सांगितलं तर ती पांढरीफटक पडली. "बाबा, तुम्ही काकूंना असं विचारलंत? सगळ्यांसमोर?" आणि जेवण अर्धं सोडून खोलीत गेली. माणसानं करावं तरी काय?

६ नोव्हेंबर, गुरुवार
पहिलं दव गोठलं. धून वेळेवर.

मिसाओ तालमीहून आली, डोळे सुजलेले. पुन्हा मध्येच थांबली म्हणे. पाचची धून सुरू झाल्यावर दुसऱ्या ओळीत.

"सभागृहात कोण होतं?" मी विचारलं.

"कुणीच नाही. शीळही नव्हती. पण मला ती ऐकू येते, बाबा. आता येईल, आता येईल, असं वाटत राहतं आणि श्वास संपतो."

सेन्सेईंनी तिला एक आठवडा दिलाय. नाही जमलं तर शहरातून कुणाला तरी बोलावणार.

मी म्हणालो, "काकूंचा मोबाइल काढून घेतील दारातच." ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू तिला पुष्कळ बोलायचंय आणि तोंडात पत्ती धरलीय. मग म्हणाली, "हो बाबा."

९ नोव्हेंबर, रविवार
ऊन. धून

ओगाताच्या मागे लागून आज सभागृह उघडायला लावलं. पूर्ण तपासणी करायची होती. त्यानं मंचावर आवाज मोजायचं यंत्र ठेवलं. डावीकडे जाड आवाजांचे दिवे, उजवीकडे बारीक आवाजांचे. मी माझ्या तिसऱ्या रांगेतल्या जागेवर बसलो. कार्यक्रमाच्या दिवशी असतं तस्संच सगळं हवं, असं मीच त्याला बजावलं. त्यानं सिंफनीचं रेकॉर्डिंग लावलं, दुसरा भाग.

धून सुरू झाली. मी कानांमागे हात धरले.

अगदी उजवीकडचा दिवा वरपर्यंत लाल झाला.

मी ओरडलो, "तो बघ! आली!" आणि बोट दाखवायला हात पुढे केला. दिवा विझला.

"गेली," मी म्हणालो. ओगाता यंत्राकडे बघत नव्हता. स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

मी पुन्हा हात धरले. दिवा लाल. काढले. विझला. मग एकच हात, डावा. लाल, थोडा कमी. काढला. विझला.

आणखी एकदा करून पाहिलं. त्याची गरज नव्हती. एकतीस वर्षं हेच काम केलंय मी. माझ्या कानातल्या ऐकायच्या यंत्रात एक माईक असतो आणि एक इवलासा भोंगा. हाताची भिंत धरली की बोलणारा ऐकणाऱ्याच्या तोंडासमोर येतो.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"मे महिन्यापासून."

"आणि मिसाओला?"

त्यानं रेकॉर्डिंग बंद केलं. म्हणाला, "तोकुसान, तिला मंचावरून सगळं दिसतं."

१० नोव्हेंबर, सोमवार
हवा पाहिली नाही. धून ऐकली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
ढगाळ. धून वेळेवर.

शहरात कानाच्या यंत्रांच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं कानात उजेड टाकून पाहिलं. माणूस वाळला की कानाची भोकंही सैल होतात म्हणे, यंत्राचा जुना साचा ढिला पडलाय, फटीतून आवाज बाहेर येतो. वर हात धरला की शीळ वाजणारच. "घरच्यांनी कधी सांगितलं नाही का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, घरचे फार चांगले आहेत.

कानाचा नवीन ठसा घेतला. साचा येणार २६ तारखेला. मी लवकर मागितला. ती पुन्हा पुन्हा वाकून माफी मागत राहिली, पण २६ ची २२ झाली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
ऊन, गार. धून वेळेवर.

वाळवलेली पर्सिमन घेऊन इसोबे काकूंकडे गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाहेर उभा राहिलो. मग आत जाऊन गुडघे टेकले.

"उठा उठा, फरशी ओली आहे!" त्या म्हणाल्या. "कळलं का शेवटी?"

"तुम्ही शेजारी होतात. तुम्हाला तेव्हाच ऐकू आलं असेल."

"शेजारी? अहो, माझ्या दाताच्या कवळीत घुमली ती."

"मग मला कोपर का नाही मारलंत?"

त्या पर्सिमनचा वास घेत बसल्या. म्हणाल्या, "हात उचलला होता. पण तुमचं तोंड बघितलं. तामेको गेल्यापासून तुमचं असं तोंड मी पाहिलं नव्हतं. कसं मारायचं कोपर?"

तामेको माझी बायको. मी लवकर निघालो. काकूंना अश्रू आवडत नाहीत, मलाही नाहीत.

आणखी एक. सेन्सेईंनी मिसाओलाच ठेवलंय. पण ती दुसऱ्या ओळीपर्यंत येते तेव्हा सगळा वाद्यवृंद श्वास रोखतो, असं ओगातानं सांगितलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
दव. धून वेळेवर.

चार रात्री विचार करतोय.

घरी राहिलो तर तिला वाटेल मी रागावलो. गॅलरीत बसलो तर तिथूनही शीळ येऊ शकते, आणि तिला ते माहीत आहे. तीच वाट बघत वाजवेल. यंत्र काढून गॅलरीत बसलो तरी तिला तिथून माझे कान कसे दिसणार?

आधीच सांगून टाकावं, तर ती म्हणेल, "तुम्ही नव्हताच, बाबा." ती तशीच आहे. आणि मग ते खोटं दोघांनी मिळून जपत बसायचं.

म्हणजे यंत्रं काढून तिसरी रांगच. तिला दिसेल अशी.

पण मग मला धून ऐकू येणार नाही. आयुष्यात एकदाच ती वाजवणार आणि मी समोर बसून बहिरा. हे इथं लिहिलं, बास. पुन्हा लिहिणार नाही.

आज तिला इतकंच म्हणालो, "मी नेहमीच्याच जागी बसतोय." तिच्या हातातली पत्ती चिरली. दोन आठवडे तासलेली. "हो बाबा," म्हणाली आणि नवीन काढली.

मी तिला घाबरवलं. हे मी आधीच लक्षात घ्यायला हवं होतं. आता तीन दिवस ती घाबरून काढणार, आणि मी दार ठोठावून सांगणार नाही. हट्टी म्हातारा.

२३ नोव्हेंबर, रविवार

नीट लिहितो.

दीडलाच जाऊन बसलो. शेजारी इसोबे काकू. त्यांनी पर्स उघडून मला आतून दाखवली, दोन रुमाल, गोळ्या, फोटो, आणि टक् करून मिटली. मी कानातली दोन्ही यंत्रं काढली, चष्म्याच्या पेटीत ठेवली, पेटी खिशात. जग एकदम रजईखाली गेलं.

वादक आले. मिसाओ काळ्या कपड्यांत, मधल्या रांगेत. आल्या आल्या तिनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तसं बघणं मी खांबावर चढणाऱ्या नव्या माणसांचं पाहिलंय, खाली बघतात तेव्हाचं.

मी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. न्हाव्याला दाखवावी तशी, सावकाश. दोन्ही कान रिकामे. मग दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसलो.

ती बघत राहिली. मग खाली वाकली, पत्ती नीट करत असावी. बराच वेळ वाकलेली होती. शेजारच्या बासरीवालीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

पहिल्या अर्ध्या भागात एका ऑपेराची सुरुवातीची धून आणि दोन वॉल्ट्झ, म्हणजे नाचाच्या चाली, होत्या. मला नगारे तेवढे कळले, पायांतून. लोक हसरे दिसत होते. मध्यंतरात मी जागेवरून हललो नाही. हात बाहेर काढायचीच भीती वाटत होती.

मग सिंफनी. पहिला भाग संपला. दुसरा सुरू झाला तो पितळी वाद्यांच्या जाड सुरांनी, ते खुर्चीत उतरले. मग सगळे थांबले आणि तिनं वाद्य उचललं.

मला काहीच ऐकू आलं नाही. दोन-तीन खालचे सूर आले असतील, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसे. ते खरंच आले की मीच आणले, सांगता येत नाही. हात आपोआप वर यायला लागले. काकूंनी माझ्या कोपरावर हात ठेवला, पण तोवर मीच आवरलं होतं. मी डोक्यात आमची टेप लावली, बावन्न सेकंदांची, आणि तिची बोटं बघत बरोबर चाललो. पहिली ओळ जुळली. दुसरी आली. माझी टेप पुढे गेली आणि तिची बोटं मागे राहिली.

थांबली, असं वाटलं. पण तिच्या ओठांत पत्ती होती. तिनं श्वास घेतला, खांदे भरून, मोठा. आमच्या टेपमध्ये तिथं श्वास नाही. आणि बोटं पुन्हा चालू लागली. मग मी टेप बंद केली आणि तिच्या खांद्यांकडे बघत बसलो. धून किती सेकंदांची झाली, मोजलं नाही.

संपलं तेव्हा मला कळलं ते लोक उभे राहिले म्हणून. सेन्सेईंनी सर्वांत आधी तिलाच उभं केलं. इसोबे काकू रुमालात तोंड घालून बसल्या होत्या, म्हणजे अश्रूंचं ते खरं नव्हतं.

बाहेर तिची वाट बघत थांबलो. ती आली, काहीतरी म्हणाली. यंत्रं अजून पेटीतच होती. मी विचारलं नाही काय म्हणालीस, तिनंही पुन्हा सांगितलं नाही. नदीच्या कडेनं घरी चाललो.

पुलाजवळ आलो तेव्हा ती एकदम थांबली आणि वर बघायला लागली. सातवा खांब. म्हणजे पाच वाजले असणार. मला भोंगाही नीट ऐकू येत नव्हता, वाऱ्यासारखं काहीतरी येत होतं. तेव्हा तिनं वाद्याची पेटी रस्त्यावर ठेवली. ती पेटी ती कधीच जमिनीवर ठेवत नाही. माझ्या मागे आली आणि तिचे दोन्ही तळवे माझ्या दोन्ही कानांमागे धरले.

धून आली. घोगरी, लांबून, पण पूर्ण. ती संपेपर्यंत तिनं हात काढले नाहीत. तळवे गार होते आणि पत्तीच्या वेताचा वास येत होता.

डोंगरापलीकडच्या भोंग्यापेक्षा सातव्या खांबावरचा भोंगा अर्धा श्वास मागे पडतोय. उद्या ओगाताला सांगायला हवं.

सकाळी दव, दिवसभर ऊन. पाचची धून वेळेवर.